दंडाची भिंत

...आणि वर मलाच म्हणतात, "मंजुषा, तू लई इचार करती!" अहो, नको करू तर काय करू? पोटची पोर आत्ताशी अंगणवाडीत जायला लागलेली, अंगणवाडीच्या मागं बिनकठड्याची विहीर, आणि मधे जी भिंत बांधायची ती गावातल्या दारुड्यांच्या भरवशावर! तुम्हाला सांगते, बी.एड. झालंय माझं, बालमानसशास्त्रात चांगले मार्क होते... पण गावातले पुरुष दारू सोडायला लागले म्हणून जिच्या छातीत धडधडतं, अशी आई कुठल्याच पुस्तकात नव्हती. माझंच चुकत असेल म्हणा.

झालं काय, पाटोद्याच्या बाजारातून माणसं गाडीवर झोकांड्या खात यायची, रस्त्यात पोरंसोरं खेळतायत याची शुद्ध नाही! मग सरपंच विजयमालाताईंनी ग्रामसभेत ठराव केला, की पिऊन गाडी चालवणाऱ्याला फाट्यावर अडवायचं, मशीनमधे फुंकायला लावायचं, दंड घ्यायचा आणि त्या दंडातून अंगणवाडीची भिंत बांधायची. शिवाय ज्याचा दंड त्याचं नाव भिंतीवर, म्हणजे जरा लाज वाटेल. टाळ्या! पहिली टाळी माझी. इथवर सगळं छानच की हो!

पण नावं रंगवायला बोलावलं कुणाला? सटवा पेंटरला! सटवा जन्मभर काय लिहीत आलाय? देवळाच्या पायऱ्या, पाणपोया, स्मशानातले बाकडे... 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ'. हात वळलेला! त्यानं पहिलंच नाव झोकात रंगवलं, 'कै. आश्रुबा', आणि आश्रुबा भाऊजी त्याच्या पाठीमागं उभे. जिवंत!

"सटवा, आरं मी हाय की!"

सटवा मान न वळवता म्हणतो कसा, "हाय ना. पर आज न्हाई तर उद्या लागंलच की."

पुढच्या नावांनाही तेच. मी म्हटलं, पुसा हो ते! तर पुसायला कुणी धजेना. कै. पुसलं आणि माणूस त्याच दिवशी गेला तर? विजयमालाताई म्हणाल्या, "राहू द्या, पुढच्या दंडातून नीट रंगवून घेऊ."

पुढचा दंड आलाच नाही.

आश्रुबा भाऊजींनी त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. मग दुसऱ्यानं सोडली, तिसऱ्यानं सोडली. दिवेलागणीला आम्ही आया मशीन घेऊन फाट्यावर उभ्या, आणि बाजारातून पुरुष येतायत... चालत. गाडी हातात, इंजिन बंद, लाइट बंद, माना खाली, एकामागून एक. आवाज फक्त चाकांचा. न सांगता मशीनपाशी थांबतात, फुंकतात, पुढं जातात. शिवी नाही, गाणं नाही, एकमेकांना 'काय बे' सुद्धा नाही! कुणी आमच्याकडं बघतही नाही. आणि मी मनात काय म्हणतेय? अरे, एकानं तरी प्या रे! सांगा, हे आईच्या मनात यावं? माझंच चुकत असेल.

कारण भिंत राहिली ना अर्धी! आणि खिंडार कुठं राहावं? बरोब्बर विहिरीसमोर, दाराएवढं. वर्गणी मागायला घरोघर फिरले, तर जो तो म्हणतो, "भिंत तर दंडातून व्हायची. आमी पीत न्हाई, मग आमी कावून द्यावं?"

त्यात आमची राजनंदिनी. एक दिवस जेवता जेवता म्हणते, "आई, हिरीत एक मुलगी हाय."

म्हटलं, "तो तुझाच आवाज असतो बाळा, घुमतो."

"न्हाई. मी गप बसले तरी ती बोलती. नंदू ये, म्हणती."

प्रतिध्वनीचं शास्त्र ठाऊक आहे हो मला, पाठ आहे! पण गप्प बसलेल्या पोरीचा प्रतिध्वनी?

दंड व्हायला कुणीतरी प्यायलाच हवं होतं. आमच्या ह्यांना सुपारीनं गरगरतं, त्यांचा उपयोग नाही. शेवटी मीच गेले आश्रुबा भाऊजींकडं. त्यांनी कडब्यातून दारूची एक चपटी काढून दिली. "न्या वैनी. मला आता तिचं भ्याव वाटतं." मी नुसती चूळ भरली आणि थुंकली, पिले नाही, शपथ! मग स्कूटी दोन्ही पाय जमिनीला घासत, आमच्या म्हशीच्या वेगानं, फाट्यापर्यंत नेली. मशीन असं किंचाळलं म्हणता! आणि बाकीच्या आया? टाळ्या वाजवल्या त्यांनी. एकीनं तर माझा मुकाच घेतला.

माझ्या दंडातून भिंत झाली पुरी. शेवटच्या तुकड्यावर सटवानं नाव रंगवलं, 'कै. सौ. मंजुषा'. सासूबाई ते बघून पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सवाष्ण गेली गं, नशीब काढलं!" मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "आत्याबाई, मी इथंय." तर माझ्याकडं न बघताच घरी गेल्या... ऐकू कमी येतं त्यांना. तेच असेल. माझंच चुकत असेल.

रात्री राजनंदिनीला थोपटत विचारलं, "आता तर बोलवत नाही ना गं ती विहिरीतली?"

"मला न्हाई बोलवत."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"आता ती मंजुषा ये म्हणती."

तरी मी म्हटलं, जाऊ दे, पोर सुटली ना! तर काल विजयमालाताई दारात. अंगणवाडीचं छप्पर गळतंय म्हणे. म्हटलं, "मग? मी काय करू?" तर खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तेवढं छपराचंही तुम्हीच बघा. बाकीच्यांना जिवाची भीती वाटते हो... तुमचं काय, तुमचं तर एकदा होऊन गेलंय."

स्कूटीत पेट्रोल टाकून आलेय.