सुईचं टोपण

घाटकोपरच्या एका रुग्णालयात शकु रक्ततपासणीसाठी बसली होती. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर मुली बोलत होत्या.

“वापरलेल्या सुईला परत टोपण लावतात का गं, जान्हवी? सरळ डब्यात टाकायची ना!”

“माहितीये यार. हात आपोआप गेला. लहानपणापासून आईचा धाक, काही उघडं ठेवायचं नाही.”

“सुई म्हणजे काय आमटीचं पातेलं आहे?”

“हस तू. ती सुई बोटात घुसली आणि पेशंटला एचआयव्ही निघाला. मला गोळ्या सुरू केल्यात. शेवटची तपासणी होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहा म्हणाले.”

“आणि नितेश बोटीवरून कधी येतोय?”

“उद्या. वर्ष होत आलं गं त्याला समोर बघून.”

“वाट लागली. सांगितलंस त्याला?”

“काल, फोनवर.”

“मग?”

शकुचा नंबर पुकारला गेला. ती जागची हलली नाही.

“मग म्हणाला, हात धरला तर चालेल ना?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, विमानतळावर धरलास की सोडू नकोस.”