आरशासारखी पाती

जर्मनीतल्या श्वाबिया भागात एका बसथांब्यावर इरमेला तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. मागे पात्यांच्या कारखान्यातली एक बाई आणि एक तरुण कामगार बोलत होते.

"गुडरुनबाई, लाकूड कापायची चाळीस पाती मी घासूनपुसून आरशासारखी केली हो!"

"आणि मग हिऱ्याचा थर दिलास?"

"दिला. पहिल्याच फळीला थराचे पापुद्रे निघाले."

"निघणारच! अरे शहाण्या, गुळगुळीत पात्यावर हिरा धरतो का? आधी आम्लात बुडवून खरखरीत करायचं असतं."

"उद्या साहेब मला काढणार."

"मी तर नवीन असताना पात्यांना तेल चोळलं होतं."

"बाप रे! मग?"

"मग काय, काढलं. पण आम्लाच्या टाकीपाशी उभं राहायला दुसरं कुणी मिळेना. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः केक घेऊन दारात!"

"कसला केक?"

इरमेलानं हसू लपवायला बाळाच्या टोपीत तोंड खुपसलं.