हिरव्या साडीतला धुराचा डबा

मी, बायजा राघो भोईर, वय ५८ वर्षे, व्यवसाय घरकाम व चाळीच्या भाडेकरूंवर लक्ष ठेवणे, राहणार गोळवली, डोंबिवली पूर्व. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

तक्रारदार राघो हे माझे पती आहेत. आमच्या पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षे होत आली असून आरटीओच्या तपासणीत पास झाली तरच ती पुढे चालवता येईल. पीयूसीत ती नापास झाल्याने पतींनी ती मेकॅनिक पोपट यांना दाखवली. धूर साफ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आतून तुंबला होता. पोपट यांनी तो काढून धुतला, परंतु त्याचे पॅकिंग मिळेपर्यंत बसवता येणार नव्हता.

अशा डब्यात महाग धातू असतो व गॅरेजमधून तो चोरीला जातो, असे पतींनी कुठेतरी ऐकले होते. म्हणून त्यांनी पोपट यांच्या मदतीने तो घरी आणला व माझ्या कपाटात लपवला. मला सांगितले नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

दिवाळीच्या सफाईत मी कपाट उघडले. डबा माझ्या हिरव्या साडीत गुंडाळलेला होता. ती साडी मुलगी कृतिका हिच्या हळदीची असून नंतर मी ती एकदाही अंगाला लावली नव्हती. पदराला काळे ऑइल लागले होते. मला रडू आले व रागही फार आला. पतींनी जपलेले जुने प्लग आणि बेल्ट आमच्या पलंगाखाली भरपूर आहेत. हाही त्यातलाच, असे मी समजले.

तेवढ्यात विठ्ठलवाडीची बोहारीण रमाबाई दारात आली. आपण भांड्यांवर कपडे घेतो, लोखंड घेत नाही, असे ती म्हणाली. मी म्हणाले, "घे गो बाय, साडी घे नि यो डबा पन घे. टोप मात्र मोठा दे." तिने झाकणासह दिला.

डबा कपाटात न दिसल्याने पतींनी मला काही न विचारता थेट येथे येऊन चोरीची तक्रार केली व जागा फक्त त्यांनाच माहीत होती म्हणून पोपट यांचे नाव दिले. आज पोपट यांची बायको निशा रडत दारात आली तेव्हा त्यांना येथे धरून आणल्याचे मला कळले. मी लगेच रमाबाईला फोन लावला. डबा तिच्या दाराला टेकण म्हणून लावलेला आहे. टोप परत दिल्यास ती डबा देईल. टोप मी सोबत आणला आहे. साडी मात्र तिने बाजारात विकून टाकली.

पोपट यांनी चोरी केलेली नाही. त्यांना आताच सोडावे. पतींना आणखी थोडा वेळ बसवून ठेवल्यास माझी हरकत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त पतींच्या तक्रारीवरून एके ठिकाणी 'जुनी साडी' असे लिहिले गेले होते, त्यातला 'जुनी' हा शब्द माझ्यासमोर खोडण्यात आला. नंतर मी सही केली.