वहीत न उतरलेला अभिप्राय

पोलीस ठाणे, जुने शहर, अकोला. ता. ८ फेब्रुवारी १९३८, दुपारी साडेतीन.

माझे नाव मोरोपंत विठ्ठल सांबरे, वय ४६ वर्षे, जात ब्राह्मण, धंदा वाचनालयात ग्रंथपाल, राहणार जुने शहर, अकोला. मी आपण होऊन ठाण्यावर आलो असून समक्ष जबाब देतो की,

मी अकरा वर्षे ग्रंथपाल आहे. वाचनालयात एक वही ठेवलेली आहे. पुस्तक परत करताना वाचकाने तीत दोन ओळी मत लिहावे असा नियम आहे. बायका वाचनालयात येत नाहीत. त्या चिठ्ठी पाठवतात व ती मी वहीत उतरवून घेतो.

वकील केशवराव हे आमच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांचा मुलगा हेमचंद्र याची दुसरी बायको विमल, वय सुमारे बावीस, माहेर अमरावती. हेमचंद्रची पहिली बायको शैला तीन वर्षांपूर्वी परसातील विहिरीत पडून वारली. पाणी काढताना पाय घसरला असे घरच्यांनी सांगितले व सर्वांनी मानले.

विमलबाई दर आठवड्यास एक पुस्तक नेत. त्यांच्याकडे पूजेची फुले घालणारी गंगूबाई माळीण टोपलीत पुस्तक नेत-आणत असे. विमलबाईंना खुनाच्या व रहस्याच्या कादंबऱ्या आवडत. केशवरावांना त्या आवडत नसत. अशा पुस्तकांनी माणसाला घरच्या माणसांचा संशय येऊ लागतो, असे त्यांनी वहीत दोनदा लिहिले आहे. मंडळातलेच देवीदास मास्तर या कादंबऱ्यांच्या बाजूचे. एका कादंबरीवर मास्तरांनी लिहिले, "अखेरच्या पानापर्यंत खुनी कळत नाही. उत्तम." त्याच पुस्तकावर विमलबाईंची चिठ्ठी आली, "मला तिसऱ्या प्रकरणात कळला. जो सगळ्यात कमी बोलतो त्याला घरात कोणी काही विचारत नाही, हे लेखकाने दाखवले, पण ते त्याला स्वतःला कळले नाही." मास्तरांनी खाली उत्तर लिहिले. पुढे दोघांचा असा वाद वर्षभर चालला. मास्तरांनी त्यांना कधी पाहिलेले नाही. ते दर शनिवारी येऊन विचारीत, "पंत, कागद आला का?"

माझे स्वतःचे मत विचारल्यावरून सांगतो की, मी या कादंबऱ्या वाचत नाही. मला शेवट आधी पाहण्याची सवय आहे.

ता. २९ जानेवारी, शनिवार, सकाळी नऊच्या सुमारास गंगूबाईने पुस्तक व चिठ्ठी आणून दिली. त्या कादंबरीत एका जमीनदाराची सून विहिरीत सापडते. चिठ्ठीतील मजकूर असा होता :

"डिटेक्टिव्ह येऊन आधी दोर पाहतो. दोर कोरडा असतो, म्हणून बाई पाणी काढायला गेली नव्हती हे त्याला कळते. माझ्या अगोदर या घरात जी होती तिच्या वेळी दोर खुंटीवर होता, असे गंगूबाई सांगते. तो कोणी पाहिला नाही. पुस्तक चांगले आहे. पण असा कोणी येत नाही."

मी गंगूबाईस विचारले, हे खरे का? ती म्हणाली, "माह्या डोयानं पायला. खुंटीले होता. मले कोनी पुसलं नाही, तं मी काहून सांगू? बाईनं पुसलं, म्हून सांगतलं."

ती चिठ्ठी मी वहीत उतरवली नाही. मास्तर आले तेव्हा कागद आला नाही असे सांगितले.

सोमवार ता. ३१ रोजी सायंकाळी पाच वाजता केशवराव वाचनालयात आले. मी चिठ्ठी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली व घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

"वहीत घेतलंत?"

मी नाही म्हणालो.

"बरं केलंत, पंत. मी म्हणत होतो ते हेच."

मंगळवारी व बुधवारी गंगूबाईकडून फुले दारातच घेतली गेली. तिला आत सोडले नाही, असे तिने मला सांगितले. गुरुवार ता. ३ रोजी सकाळी विमलबाईंचे प्रेत त्याच विहिरीत मिळाले. दहनास मी हजर होतो. माहेरचे लोक अमरावतीहून पोचले तेव्हा सर्व आटोपले होते. तिच्या वडिलांनी मला तुम्ही कोण म्हणून विचारले. मी पुस्तके देणारा म्हणालो. "पत्रात लिहायची ती," असे ते म्हणाले.

रविवार ता. ६ रोजी मंडळाची सभा ठरली होती ती झाली. केशवरावांनी उभे राहून सांगितले की, रहस्यकथा वाचून माझ्या सुनेचे डोके फिरले व तिने जीव दिला, इतर घरांत तसे होऊ नये. बासष्ट पुस्तके काढून टाकण्याचा ठराव आला. कोणी विरोध केला नाही. देवीदास मास्तरांनीही हात वर केला. त्यांच्या डोळ्यांना पाणी होते. मास्तरांना चिठ्ठीची माहिती नव्हती. मला होती. ठरावाचे इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे.

काल सकाळी गंगूबाई घरी आली. ओट्यावर बसून म्हणाली, "पंत, तुमाले लिवता वाचता येते. मी सांगीन तं माळीण बोलून राह्यली म्हनतीन." त्यावरून मी आज आलो.

चिठ्ठी केशवरावांकडे आहे. तिची नक्कल नाही. वरील मजकूर मला पाठ आहे. अक्षर ओळखावयाचे झाल्यास तिच्या आधीच्या एकेचाळीस चिठ्ठ्या माझ्याजवळ आहेत, त्या हजर करतो.

चिठ्ठी सासऱ्यास दाखवताना काय होईल असे वाटले होते, हे विचारल्यावरून सांगतो की, तिची पुस्तके बंद होतील असे वाटले होते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. शेवटच्या वाक्यात "एवढेच वाटले होते" असे लिहिले गेले होते. त्यातील "एवढेच" हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला, कारण तो खरा नाही.

सही : मो. वि. सांबरे