रणधीर पडला!

मंडळी, कीर्तनाला बसलाच आहात तर एक सांगा — जिंकायची सवय लागलेल्या माणसानं हरावं कुणासाठी? आहे उत्तर? राहू द्या, आधी ऐका!

रंगनाथ पिसाळ नावाचा एक नट होता. पडद्यावरचं नाव रणधीर! टोपी, बूट, कमरेला पिस्तूल — असल्या काउबॉय पिक्चरचा हिरो. एके काळी त्याच्या घोड्यालासुद्धा टाळ्या पडायच्या! पण सत्तरी आली, गुडघे गेले, आणि वाट्याला राहिले स्वस्तातले पिक्चर. म्हसवडच्या माळावर शूटिंग. तिथं अमेरिकेतलं गाव उभं केलेलं — पुढून दारूचा गुत्ता, मागून नुसते बांबू! हसताय काय? आपल्यातही असे पुष्कळ आहेत!

समोर खलनायक विश्वंभर तारळेकर. जुना जोडीदार. दर पिक्चरमध्ये रणधीरनं याला मारलेलं! आज शेवटची झुंज. पण विश्वंभरचे हात कापत होते. पिस्तूल काढलं — पडलं! पुन्हा काढलं — पुन्हा पडलं! युनिटमधले हसले. दिग्दर्शक ओरडला, "आजोबांना बसवा! दुसरा कुणी पाठमोरा उभा करा!"

विश्वंभरनं टोपी काढली. "रंगा, माझं संपलं रे."

रंगनाथला काय वाटलं? खरं सांगू? आधी बरं वाटलं! आता कॅमेरा आपल्या एकट्यावर! मग त्यानं टोपी धरलेले ते थरथरते हात पाहिले, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"अजून एकदा घ्या," तो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. विश्वंभरचा हात कापायला लागला — तोच रंगनाथनं आपलंच पिस्तूल मातीत टाकलं! छाती काढून उभा राहिला. "सावकाश घे, विश्वा. दोन्ही हातांनी धर!"

विश्वंभरनं धरलं. ठो! रणधीर पडला — दुखऱ्या गुडघ्यावर, अगदी खराखुरा!

दिग्दर्शक धावत आला. "अहो साहेब, लोक तुम्हाला जिंकताना बघायला येतात!"

"पुष्कळदा बघितलंय त्यांनी."

ऊन उतरलं होतं. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तेच राहिलं.

पिक्चर आठवडाभरही चालला नाही. आज कुणाला नावही आठवत नाही. पण विश्वंभर शेवटच्या दुखण्यात येईल त्याला सांगायचा, "रणधीरला मारणारा मी एकटाच!" आणि उशाशी बसलेला रंगनाथ म्हणायचा, "नेम भारी होता हो याचा!"

आता तुमचं बघू! घरी प्रत्येक वादात तुम्हीच जिंकता ना? आज घरी गेल्यावर वडील तीच जुनी हकीकत पुन्हा चुकीची सांगतील. दुरुस्त करू नका. नुसतं 'हो' म्हणा. जमेल?

टाळकरी, बघताय काय? वाजवा रे, विठ्ठल म्हणा!