खांबांतल्या खिडक्या

लेक : ...आणि संपादकबाई म्हणाल्या, पुढची बाजू गोड आहे, मागची तेवढी कोरी ठेवा. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर पुस्तक निघणार नाही.

आई : मग ठेव की कोरी. पहिलंवहिलं पुस्तक तुझं, उगाच ताणून धरू नकोस. मागे आहे तरी काय एवढं?

लेक : उलटून बघ ना. पुढे आपली गल्ली, मागे तिच्या जागी आलेला उड्डाणपूल. सगळी चित्रांची एकच लांब पट्टी, घड्या घालून मिटायची. शब्द एकही नाही.

आई : शब्द कशाला हवेत. हा आपला जिना, ही दूधवाल्याची सायकल, अगदी तश्शी. पण पुलाच्या खांबांना भोकं कसली गं?

लेक : घोळ झाला माझा. दोन्ही बाजू आधी चिकटवल्या, मग घरांच्या खिडक्या कापल्या. सुरी आरपार गेली. आता सगळं नव्याने करायचं.

आई : थांब. दिव्यासमोर धर बरं... अगं, खांबांत आपल्या खिडक्या उजळल्या.

लेक : बाई म्हणतात, लहान मुलांना पाडापाडी कशाला दाखवायची.

आई : गल्ली पाडली तेव्हा तू पहिलीत होतीस. तुला कुणी विचारलं होतं, दाखवू का म्हणून?

लेक : नाही.

आई : ही पिवळ्या पडद्याची खिडकी माझ्या बडबड्या मैत्रिणीची ना?

लेक : मावशीचीच.

आई : सामान ट्रकमध्ये टाकून गेली ती. पत्ता कळवते म्हणाली होती. अजून दार वाजलं की वाटतं, तीच आली. फार आठवण येते गं तिची... पण ती समोर राहायची. तू तिची खिडकी आपल्या शेजारी काढलीस.

लेक : एक घडी मिट.

(आई घडी मिटते.)

आई : आल्या की समोरासमोर.

लेक : साखरेची वाटी खिडकीतूनच द्यायचात दोघी.

आई : वाटी निमित्ताला. तासभर गप्पाच चालायच्या.

लेक : मग बाईंना काय सांगू?

आई : सांग, मागची बाजू राहणार, भोकं बुजवायची नाहीत म्हणावं.

लेक : पुस्तक निघणार नाही, आई.

आई : दुसऱ्या प्रकाशकाचं दार वाजव. मी येते बरोबर.

लेक : बरं. दे इकडे, पसरून ठेवते, डिंक ओला आहे.

आई : राहू दे जरा मिटलेलंच.