खुली जागा आधी भरा

माझे नाव प्रसेनजीत बाबासो कुरणे, वय ४४, धंदा महाविद्यालयात गणित शिकवणे, राहणार कबनूर. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

कोल्हापुरातील सह्यकडा वैद्यकीय संस्थेने नव्या डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागा वाटण्याची संगणकावरची पद्धत माझ्याकडून करून घेतली. पसंती उमेदवाराची, क्रम गुणांचा. आधी खुल्या जागा सर्वांमधून भरायच्या, मग राखीव. खुली म्हणजे सर्वांना खुली, हे मी बैठकीत ओरडून सांगितले होते.

आज ता. १४/०६/२००३ रोजी संस्थेच्या सभागृहात वाटप झाले. शस्त्रक्रिया विभागात एक जागा खुली, एक राखीव. तो विभाग मागणाऱ्यांत माझी पुतणी डॉ. साक्षी गुणांनी सर्वांच्या वर होती. खुली जागा तिची. राखीव जागा तिच्याच राखीव प्रवर्गातल्या, शाहूवाडीच्या डॉ. संग्राम सोनुलेची. संस्थेचे सचिव वरद इनामदार यांनी मला न विचारता क्रम उलटा केला. राखीव आधी भरून तीत साक्षीला बसवले. खुली तिच्याहून कमी गुणांच्या उमेदवाराला दिली. संग्रामला काहीच उरले नाही.

मी जाब विचारला. सचिव म्हणाले, "तुमच्या पुतणीला सर्जरी मिळाली की! पेढे वाटायचे सोडून भांडताय काय?"

संग्राम म्हणाला, "सर, ऱ्हाऊ द्या. मी जातो गावाकडं."

तेव्हा मी खुर्चीवर चढलो आणि सभागृहाला सांगितले, "हिने कमावलेली जागा हे हिला दान म्हणून देतात, आणि दान काढतात ह्या पोराच्या खिशातून!" मी खुर्ची फेकल्याची फिर्याद खोटी आहे. खुर्चीवर मी उभा होतो.

साक्षीने राखीव जागा घेण्याच्या संमतीपत्रावर सही केली नाही. ती म्हणाली, "सर्जरी मला पायजेच. पण माझ्या मार्कांवर."

सचिव म्हणाले, "मग राखीव त्याला जाईल. तुला काहीच नाही."

"जाऊ दे की. ती त्याचीच हाय. माझी खुली टाका."

सचिवांनी पोलिसांना बोलावले. साक्षी अद्याप सभागृहात बसून आहे. संमतीची मुदत आज संध्याकाळी संपते. माझी मागणी एवढीच की साहेबांनी आधी माझ्या क्रमाने वाटप पुन्हा करायला लावावे, मग मला खुशाल अटक करावी.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात साक्षीच्या नावाआधी 'राखीव उमेदवार' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.